पुलापलीकडचा दिवा

आमच्या घरात विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू आधी मुंबईत म्हातारी होऊन आलेली असायची. टीव्ही आला तो काकांकडे मोठा टीव्ही आल्यावर. मिक्सर आला तो झाकण तडकल्यावर. इस्त्रीच्या वायरला चिकटपट्टीचे इतके वेढे होते की मूळ वायरचा रंग कोणता, हे मला आजही सांगता येणार नाही. गणपतीला काका-काकी गावी यायचे तेव्हा त्यांच्या सामानात गोधडीत गुंडाळलेलं असं काहीतरी असायचंच. गोधडी उलगडली की आई पदराला हात पुसत पुढे यायची आणि म्हणायची, "नवंच हाय की." काकी म्हणायची, "हो ना, टाकवत नव्हतं." एवढं झालं की वस्तू आमची. पदरी पडलं, पवित्र झालं.

मला याचा राग यायचा आणि तो दाखवायची सोय नव्हती, कारण त्या वस्तू खरंच उपयोगाच्या होत्या. फुकट मिळालेल्या वस्तूवर रागावणं किती अवघड असतं, ते ज्यांना सगळं नवं मिळालं त्यांना कळायचं नाही.

मी नववीत असताना कॉम्प्युटरही असाच आला. काकांच्या ऑफिसात नवे घेतले आणि जुने तिथल्याच लोकांना देऊन टाकले. काकांच्या घरी आधीच एक होता, म्हणून हा गोधडीत गेला. मुंबईहून गाडीने पोलादपूर, तिथून रिक्षाने आंबेनळीच्या रस्त्याला आमच्या वाडीच्या फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून पुढे बाबांच्या डोक्यावर. मध्ये साकव लागतो, नदीवरचा फळ्यांचा पूल. गणपतीच्या दिवसांत नदीचं पाणी साकवाला खालून लागलेलं असतं. बाबा मॉनिटर डोक्यावर धरून त्या ओल्या फळ्यांवरून येत होते आणि आई काठावर देवाचं नाव घेत उभी होती. बाबांसाठी की मॉनिटरसाठी, ते मी विचारलं नाही.

ओटीवर कोपऱ्यातल्या टेबलावर त्याची स्थापना झाली. गणपती मधोमध, कॉम्प्युटर कोपऱ्यात. काकी म्हणाली, "पोरीच्या अभ्यासासाठी दिलाय हं. नाहीतर माझ्या भावाचा मुलगा मागतच होता." आईने हे वाक्य नीट घडी घालून मनात ठेवलं. त्यानंतर वर्षभर मी कॉम्प्युटरपुढे बसले की ती आतून विचारायची, "अभ्यासच करतेस ना गो?" आणि मी हो म्हणायचे.

पुढच्या मे महिन्यात मी मुंबईला काकांकडे राहायला गेले. माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, म्हणून त्याला दादा म्हणायचं. दादाकडे टीव्हीला जोडायचा खेळांचा डबा होता, कन्सोल. तो मात्र अगदी नवा होता. सुट्टीभर दादा त्यावर एकच खेळ खेळत होता. एक माणूस हातात कंदील घेऊन ओसाड डोंगरातून आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधत निघालेला असतो. वाटेत ठिकठिकाणी विझलेले दिवे असतात. दिव्यापाशी पोचून तो पेटवला की तिथपर्यंतचा खेळ जतन होतो. नंतर मेलात तर त्या दिव्यापासून पुन्हा सुरुवात.

त्या खेळात एक पूल होता. दोरखंडाचा, कुजक्या फळ्यांचा. त्यावर धावलं की फळी तुटायची आणि माणूस कंदिलासकट दरीत. चालायचं ते अगदी हळू. कन्सोलच्या पॅडवर अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते. ती हलकी सरकवली की माणूस हळू चालतो, पूर्ण दाबली की धावतो. दादाला हलकं म्हणून काही करताच येत नव्हतं. तो जेवायचाही धावल्यासारखा. पूर्ण मे महिना तो कंदीलवाला दरीत पडत राहिला आणि मी शेजारी बसून बघत राहिले.

"हळू जा," मी म्हणायचे.

"तू बघ नुसती," तो म्हणायचा.

पॅड माझ्या हातात यायचा तो दादा मोरीत गेला तरच, आणि तोही "धर, पण काय दाबू नको" एवढं बजावून. शाळेला जाताना रोज साकव ओलांडणारी मी, आणि पुलावरून कसं चालायचं ते मला सहाव्या मजल्यावर वाढलेला मुलगा शिकवत होता. निघायच्या दिवशी त्याने पॅड गादीवर टाकला आणि म्हणाला, "हा पूल होतच नाय यार. गेमच फॉल्टी आहे."

मी गाडीत बसले तीच ठरवून. हा पूल ओलांडायचा आणि गणपतीला ह्याला समोर बसवून दाखवायचा. बाकी मला काही नको होतं. त्या हरवलेल्या बहिणीचं पुढे काय झालं, ती सापडली की नाही, यातही मला फारसा रस नव्हता. दादाने बघावं, एवढंच हवं होतं.

जूनमध्ये चष्म्याचा नंबर काढायला बाबा मला महाडला घेऊन गेले. बाजारपेठेत मोबाईलची कव्हरं आणि सीड्या विकणारं एक दुकान होतं, तिथे मी खेळाचं नाव सांगून विचारलं, हा कॉम्प्युटरवर चालतो का. दुकानदार म्हणाला, "चालतो ना. तोच गेम हाय, कॉम्प्युटरसाठी काढलाय." मी चष्म्याआधी ती सीडी घरी नेली. चष्मा मागाहून आला.

तोच गेम. दुधाची तहान ताकावर भागवावी लागते हे मी लहानपणापासून ऐकत होते, पण हे ताकही नव्हतं. ताक करून झाल्यावर भांडं विसळतात ना, ते पाणी होतं.

पहिले काही दिवस तो सुरूच होईना. कॉम्प्युटरच्या सी भागात जागा नव्हती म्हणून मी तो डी मध्ये टाकला. पडदा काळा व्हायचा आणि इंग्रजीत एक चौकट यायची, की ह्या यंत्रात अमुक कार्ड नाही. ऑफिसात हिशेब करण्यासाठी आणलेल्या यंत्रात ते कुठून असणार? शेवटी एका खिडकीत सगळ्या गोष्टी खाली, अगदी खालच्या खुणेवर नेऊन ठेवल्या तेव्हा तो चालू झाला. दादाच्या टीव्हीवर डोंगरात धुकं असायचं. माझ्याकडे धुकं नव्हतं आणि डोंगर पुठ्ठ्याचे होते. कंदीलवाल्याचा चेहरा उमटायचाच नाही. डोळे आणि दात तेवढे हवेत दिसायचे. मी त्याच्याबरोबर तसाच संसार केला.

माऊस त्या खेळात मेलेलाच. बाहेर पडायचं म्हटलं तर बाहेर पडायची सोय नाही. कन्सोलवर माणूस सरळ डबा बंद करतो, म्हणून इथेही त्यांनी ती ठेवली नव्हती. पहिल्याच दिव्यापाशी गेले तर पडद्यावर आलं, बटण पाच दाबा. मी वरच्या ओळीतला पाच दाबला. उजवीकडचा पाच दाबला. पाच लिहिलेलं जे जे होतं ते दाबून झालं. मग एका टोकापासून एकेक बटण दाबत गेले, तेव्हा कळलं की दिवा स्वल्पविरामाने पेटतो. हे कुणाच्या बापाला सुचलं असतं? पॅडवरचं पाचवं बटण त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, तेच त्यांनी पडद्यावर राहू दिलं. समोरच्याकडे पॅड नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मला तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं, की ज्यांनी तो खेळ आमच्यासाठी काढला ते आमच्या काकीसारखेच असणार. टाकवत नव्हतं म्हणून दिलेला.

त्यात लाईट. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यातली निम्मी वीज मंडळाची असावीत. भारनियमनाची वेळ ठरलेली असायची आणि ती सोडून बाकीच्या वेळीही लाईट जायची. घाटात झाड पडलं की जायची, पोलादपूरला काही झालं की जायची. खेळ हवा तिथे जतन करता यायचा नाही, पुढच्या दिव्यापर्यंत पोचायलाच हवं. मी मरतमरत दिव्यापाशी आले, बोट स्वल्पविरामाकडे नेलं आणि ओटीवरचा बल्ब गेला, असं किती वेळा झालं. दादाच्या इमारतीत लाईट गेलेली मी महिनाभरात पाहिली नव्हती. दिव्याची ती कल्पना ज्याला सुचली तो माणूसही तसल्याच इमारतीत राहत असणार.

तरी मी पुलापर्यंत आले. आणि तिथे आल्यावर कळलं की खरी गंमत पुढेच आहे.

कीबोर्डवर हळू चालताच येत नव्हतं. बटण दाबलं की माणूस धावणार, सोडलं की थांबणार. मधलं काही नाही. दादाच्या हातात हलकं चालायची दांडी होती आणि त्याला हलकं जमत नव्हतं. मला जमलं असतं, पण माझ्याकडे दांडी नव्हती. मी रोज शाळेआधी, लाईट असेल तर, दरीत पडायचे. पुलाअलीकडच्या दिव्यापासून पुन्हा. पुन्हा दरीत. कधी कधी मी कीबोर्डवर इतक्या जोराने हात आपटायचे की आई आतून म्हणायची, "हळू गो, त्यांचा हाय तो."

श्रावणातली गोष्ट आहे. आई दाराशी उजेडाला बसून मोदकांच्या पिठीचे तांदूळ पाखडत होती. मी टेबलापाशी, पाठ तिच्याकडे. सुपाचा आवाज ऐकता ऐकता मला तिची बोलणी आठवली. पाखडायला शिकवताना ती मला सारखी ओरडायची, की हात नको हलवू, मनगट हलव. सूप उचलायचं नाही, नुसतं झटकायचं, आणि तांदूळ सुटायच्या आत मनगट मागे. मी माझ्या बोटाकडे बघितलं. मी बटण दाबत होते. मग मी दाबणं सोडलं आणि मनगटाने नुसतं झटकलं. माणूस धावायला लागायच्या आत बोट वर. कंदीलवाला अर्धं पाऊल पुढे गेला आणि थांबला. फळी कुरकुरली, तुटली नाही.

मागे सूप चालू होतं. त्या ठेक्यावर मी झटकत राहिले. अर्धं पाऊल, अर्धं पाऊल. मधल्या फळ्या तर नुसत्या दोरीला लटकलेल्या होत्या. तिथे माझं मनगट दुखायला लागलं, पण आई थांबेना म्हणून मीही थांबले नाही. पलीकडची माती लागली, दिवा दिसला, मी स्वल्पविराम दाबला आणि दिवा पेटला. मी खुर्चीवरून अशी उठले की खुर्ची मागे जाऊन सुपावर आदळली.

"आई, पूल झाला. मी पार झाले."

"सांडलंस ना गो सगळं," आई म्हणाली. मग पडद्याकडे बघून म्हणाली, "ह्योच का तो, रोज पडत होता?"

"हाच."

"बरं झालं बाय. सुटला." आणि आम्ही दोघी जमिनीवरचे तांदूळ वेचायला बसलो.

त्यानंतर मी तो खेळ एक पाऊलही पुढे नेला नाही. पुलापलीकडच्या दिव्याखाली कंदीलवाल्याला उभं करून ठेवलं. पुढचं दादासमोर. तो बसेल, मी "कंटिन्यू" दाबेन, माणूस पुलाच्या पलीकडे उभा दिसेल आणि मी काही बोलणार नाही. हे मी इतक्या वेळा मनात करून बघितलं होतं की प्रत्यक्ष करायची गरजच उरली नव्हती.

आमच्याकडे अजूनही एक पद्धत आहे. वर्षभरात घरात जे जे बिघडेल ते चाकरमानी येईपर्यंत तसंच ठेवायचं. रेडिओ बंद पडला, गणपतीला येतील तेव्हा बघतील. घड्याळ थांबलं, गणपतीला बघतील. मुंबईत राहणाऱ्या माणसाला सगळं येतं, अशी पक्की समजूत. त्या वर्षी मिक्सरही वाट बघत होता आणि बाबांचा टॉर्चही. कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता. तो फक्त म्हातारा होता. नवी सीडी घातली की गारठून बसायचा. चहा उकळून खाली उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मग तो आपोआप जागा व्हायचा. हे फक्त मला माहीत होतं आणि मला कुणी विचारणार नव्हतं.

गणपतीच्या दिवशी सकाळी मी आत मोदक वळत होते. एकीकडे आई, एकीकडे काकी, शेजारच्या दोन बायका. ओटीवर पुरुष मंडळी आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेला दादा. त्याने आरत्यांची सीडी आणली होती. मूर्ती बसताना आरत्या लावायच्या, असं काकांनी ठरवलं होतं. सीडी घातली आणि कॉम्प्युटर नेहमीसारखा गारठला. मला आत ऐकू येत होतं. "अरे हा हँग झाला." "बघ रे, तुला कळतंय." "व्हायरस आहे, भरपूर कचरा भरलाय." मी उकडीचे हात तसेच घेऊन बाहेर आले. पडदा निळा झाला होता आणि त्यावर पांढरी रेघ सरकत होती.

"काय करतोयस?"

"फॉरमॅट मारतोय. सगळं पुसून नवीन टाकतोय. एकदम मक्खन चालेल बघ आता."

"माझा गेम आहे त्यात."

"डी मध्ये आहे ना? बघितला मी. डी ला हात पण नाय लावला. मी काय येडा आहे?"

मला बरं वाटलं. हे मुद्दाम सांगते. माझा खेळ त्याने बघितला, ओळखला आणि जपला, म्हणून मला त्याच्याबद्दल अगदी आपुलकी वाटली आणि मी परत जाऊन पुढचा मोदक वळायला घेतला.

आरत्या लागल्या. सगळ्यांनी दादाचं कौतुक केलं. बाबा म्हणाले, "वर्षभर रखडत होता, पोरानं तासाभरात जागेवर आणला." मीही हसले.

काहीतरी दाखवायचंय, असं मी दादाला आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळच्या आरतीनंतर तो म्हणाला, "काय दाखवणार होतीस?" ओटी भरलेली होती. काका भिंतीला टेकून बसले होते, काकी पान लावत होती, आई आतबाहेर करत होती. मी खुर्ची ओढली आणि दादाला शेजारी स्टुलावर बसवलं. मे महिन्यात बरोबर उलटं होतं. खेळ सुरू झाला. डोळे आणि दात आले. दादा हसला, "काय हालत करून ठेवलीय." मी काही बोलले नाही. ठरवल्याप्रमाणे.

"न्यू गेम" उजळ होतं. त्याच्याखाली "कंटिन्यू" फिकट. बाण खाली नेला तरी तो त्यावर थांबेना, उडून पुढे जायचा. मला वाटलं बटण अडकलंय. मी पुन्हा नेला. पुन्हा उडाला.

"थांब," दादा म्हणाला आणि त्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. दोन बटणं एकदम दाबून खेळ बंद केला, इकडेतिकडे शोधलं. मग म्हणाला, "च्यायला. सेव्ह कुठे ठेवतो बघ हा. गेम डी मध्ये आणि सेव्ह माय डॉक्युमेंट्समध्ये. म्हणजे सी. फॉरमॅटमध्ये गेलं ते." तो खरंच चिडला होता. "आमच्याकडे मेमरी कार्ड असतं, काढून खिशात घालतो. ह्यांनी कुठेही टाकून दिलंय. कन्सोलचा गेम नुसता उचलून कॉम्प्युटरवर आणलाय, कसला भंगार पोर्ट आहे."

तो चुकीचं काही बोलत नव्हता. हेच मला सगळ्यात कडू लागलं. ज्याच्यावर ओरडावं असा माणूस समोर नव्हता. होता तो त्याच्याच परीने काळजी घेऊन मोकळा झालेला.

"मी पूल ओलांडला होता," मी म्हणाले.

"कुठला? तो? कीबोर्डवर?" तो हसला. वाईट नाही हसला. काका लहान मुलांकडे बघून हसतात तसा. "अगं, माझ्याकडून पॅडवर होत नाय अजून. त्यावर तर हळू चालताच येत नाय."

"येतं. मी शोधून काढलंय."

"मग दाखव."

दाखवायला मला पहिल्या डोंगरापासून यावं लागणार होतं. काका म्हणाले, "अगं, त्याला नाही जमलं ते तुला कसं जमेल?" हे त्यांनी प्रेमाने विचारलं. काकीने पान तोंडात घातलं आणि म्हणाली, "पोरं काहीही सांगतात. पण काय गं, वर्षभर गेमच चालू होता का? अभ्यासाला म्हणून दिलाय ना तो?"

तेवढ्यात आई ताटं घेऊन बाहेर आली. मला एकदम आठवलं की माझ्याकडे साक्षीदार आहे.

"आई, तू होतीस ना? पूल झाला तेव्हा? तुझे तांदूळ सांडले होते. सांग ह्यांना."

आईने माझ्याकडे बघितलं आणि मग काकीकडे. ताटं खाली ठेवली.

"मला काय कळतंय गो त्यातलं," ती म्हणाली. "चल, पानं घ्यायचीत."

सगळे हसले. आईही थोडी हसली. मी आत जाऊन पाणी भरलं, मीठ वाढलं, आणि त्या पंगतीत कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

गौरी-गणपतीचे उरलेले दिवस मी पहिल्या डोंगरापासून सुरुवात करून बघितली. घरात माणसं, सारखी हाक, "पाणी आण", "फुलं आण", "पानं पूस". लाईटचं तर नेहमीचंच. एकदा दादा येऊन मागे उभा राहिला. नेमका तेव्हा माझा माणूस एका साध्या दगडाला अडकून पडला. "होईल, होईल," तो म्हणाला आणि पोरांबरोबर नदीवर गेला. विसर्जन झालं, गाडी आली, ते गेले. मी पुलापर्यंत पोचलेच नाही. नंतर पोचले असते, पण दाखवायचं कुणाला? सीडी मी कणगीमागे टाकली. ती पुढे कुठे गेली मला माहीत नाही.

आई दाराशी पाखडायला बसली की मी उठून मागच्या पडवीत जायचे. तिने कधी विचारलं नाही.

पुढे माझं बरं झालं. त्याच कॉम्प्युटरवर शिकले, महाडला कोर्स केला, पुण्याला नोकरी लागली आणि नोकरीही दिवसभर कीबोर्डपुढे बसायची. काका चार माणसांत सांगतात, की आम्ही कॉम्प्युटर दिला म्हणून पोरगी कुठल्या कुठे गेली. खोटं नाही ते. मी मान डोलावते.

दादाचं लग्न मुंबईत झालं आणि पूजा गावी, आमच्याच ओटीवर. नवी नवरी जमिनीवर बसली होती, दादा तिला घर दाखवत होता. इथे मखर असतं, इथून नदी दिसते. मग कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि इथे आमचा जुना कॉम्प्युटर होता. हिला काय वेड होतं गेमचं. माझ्यापेक्षा जास्त." वहिनी माझ्याकडे बघून गोड हसली. "एक पूल होता त्यात," दादा म्हणाला. "अजून आठवतो. आम्हा दोघांकडून पण झाला नाय तो शेवटपर्यंत."

आम्हा दोघांकडून. त्याने मला किती मोठ्या मनाने आपल्या शेजारी बसवलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई प्रसादाचं ताट घेऊन दारात उभी होती तिथून म्हणाली, "तिच्याकडून झालेला."

दादाने वर बघितलं.

"झालेला," आई म्हणाली. "मी हितं दाराशी पाखडत होते. माझे तांदूळ सांडलेन हिनं."

दादा हसला. "मोठी आई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

वहिनीही हसली. आईने ताट पुढे केलं, दादाने प्रसाद घेतला, आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

मी आईच्या मागोमाग आत गेले. ती पातेल्यातला शिरा उलथन्याने सारखा करत होती. मी विचारलं, तेव्हा बोलायला काय झालं होतं? इतक्या वर्षांनी आज कशाला?

"आज तुला नोकरी हाय," ती म्हणाली. "तेव्हा काम्पुटर त्यांचा होता. तुझी काकी म्हणाली, ऐकलंस ना, वर्षभर गेमच खेळते का. मी हो म्हटलं असतं, खेळते, पूल पार केलान, तर दुसऱ्या दिवशी गोधडीत बांधून न्हेला असता भावाच्या पोराला. मग?"

तिचं बरोबर होतं. तिने माझा पूल देऊन माझ्यासाठी कॉम्प्युटर राखला, आणि तिला कुणी विचारलं तर ती पुन्हा तसंच करेल. मी तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि बाहेर वाढायला गेले. पण मला तो कॉम्प्युटर नको होता. मला पूल हवा होता, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.